दानपेटी मोजायला दोघं हवेत



तुमच्या घरातलं कुणी ना कुणी कुठल्यातरी समितीवर नक्की असेल. बाबा सोसायटीच्या कमिटीत, दादा गणपती मंडळात, आजी महिला मंडळाच्या भिशीत, मावशी चर्चच्या समितीत. समिती आली की पैसे आले, आणि पैसे आले की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "अहो, आपलीच माणसं आहेत, हिशोब काय विचारायचा?"

आजचा लेख याच वाक्याबद्दल आहे. नाताळ तोंडावर आलाय, चर्चमध्ये आणि ख्रिस्ती संस्थांमध्ये वर्षातलं सर्वात जास्त दान याच दिवसांत जमतं. म्हणून आज ख्रिस्ती सेवाकार्यातल्या अर्थसमितीबद्दल बोलूया. तिचं नेतृत्व कसं करायचं, बैठक कशी चालवायची, अवघड प्रश्न कसा विचारायचा. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी वाचा, कारण दानाचा पैसा मंदिरातला असो, मंडळातला असो की चर्चमधला, त्याचं दुखणं एकच असतं.

आधीच सांगते, मी बीए इंग्लिश. माझा हिशोबाशी संबंध मोबाईल रिचार्जपुरता. जे शिकले ते आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंमुळे.

काकूंच्या हातात आलेली फाईल

आम्ही नवा रायपुरात राहतो. रुंद रस्ते, रांगेत उभे सेक्टर, मंत्रालयाच्या बसगाड्या आणि संध्याकाळी सेंध तलावाकडे फिरायला निघालेली कुटुंबं. इथे मराठी बोलणारं कुणी भेटलं की लगेच चहा होतो. काकू मूळच्या नगरकडच्या. मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून तरुणपणी छत्तीसगडला आल्या आणि इथल्याच झाल्या. आता निवृत्त आहेत. अजूनही दार उघडताना "सलाम, बाळा" असंच म्हणतात.

त्यांची मंडळी लहान आहे. उपासना हिंदीत चालते. मंडळीच्या संस्थेचं खेड्यातल्या मुलींसाठी एक छोटं वसतिगृह आहे. गेल्या जूनमध्ये काकूंना संस्थेच्या अर्थसमितीचं अध्यक्ष केलं गेलं. कारण काय, तर "सिस्टर, तुम्ही चाळीस वर्षं औषधांचं रजिस्टर सांभाळलंत, तुम्हाला हिशोब जमेल."

काकू फाईल घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुला ते एक्सेल येतं ना? मला एवढंच बघायचंय की किती आले, किती गेले आणि किती उरले."

आम्ही दोघी बसलो. एका पानावर वसतिगृहाच्या छपरासाठी मिळालेल्या देणग्यांची यादी होती. सगळ्या मिळून १ लाख ८० हजार. छपराचं काम सुरूच झालं नव्हतं. म्हणजे हे पैसे बँकेत असायला हवेत. पासबुक उघडलं, तर संस्थेची सगळी शिल्लक मिळून ६२ हजार.

काकू बराच वेळ पासबुकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चष्मा बरोबर लागलाय ना गं माझा?"

चष्मा बरोबर होता. १ लाख १८ हजार रुपये कमी होते.

पैसे गेले कुठे?

तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं. पण व्हाउचर काढून बघितली तेव्हा चित्र वेगळं निघालं. कुणी पैसे खाल्ले नव्हते. सलग काही महिने दानार्पण कमी आलं होतं. त्या काळात स्वयंपाकीण ताई, वॉर्डन आणि चौकीदार यांचे पगार आणि किराण्याचं बिल त्याच खात्यातून गेलं होतं. खजिनदारांनी पै न पै लिहून ठेवली होती. फक्त कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

मग चूक कुठे झाली?

चूक अशी, की देणगीदाराने पैसे दिले होते छपरासाठी. एका कुटुंबाने आईच्या आठवणीत दिले होते. तो पैसा संस्थेकडे आला तरी संस्थेने तो वाटेल तसा वापरायचा नसतो. पगार देणं हे चांगलंच काम, पण त्यासाठी दुसऱ्याने दिलेला शब्द मोडावा लागला.

इथे एक सोपी परीक्षा लक्षात ठेवा. कुठल्याही संस्थेला लागू पडते, आणि त्यासाठी सीए असण्याची गरज नाही. ठरावीक कामांसाठी मिळालेल्या आणि अजून खर्च न झालेल्या सगळ्या रकमांची बेरीज करा. बँकेतली शिल्लक त्या बेरजेपेक्षा कमी असेल, तर एका कामाचा पैसा दुसऱ्या कामात गेलाय. बस, एवढंच. मुदत ठेवी असतील तर त्याही शिल्लकेत धरा.

पैशाचे तीन डबे

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात डबे असायचे. तांदळाच्या डब्यात किराण्याचे पैसे, डाळीच्या डब्यात लाईट बिलाचे, आणि सर्वात मागच्या डब्यात अडीअडचणीचे. संस्थेचंही तसंच असतं.

पहिला डबा सर्वसाधारण पैशाचा. रविवारचं दानार्पण, दशांश, वर्गणी. यातून पगार, वीज, दुरुस्ती, रोजचा खर्च.

दुसरा डबा नेमून दिलेल्या पैशाचा. छप्पर, शिष्यवृत्ती, पूरग्रस्तांची मदत. ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरायचा. दुसऱ्या कामात वळवायचा झाला तर आधी देणाऱ्याला विचारायचं आणि त्याचं उत्तर लेखी घ्यायचं.

तिसरा डबा राखीव पैशाचा. दान आटलं तरी निदान तीन महिने पगार देता येतील एवढी रक्कम बाजूला असावी. काकूंच्या संस्थेत हा तिसरा डबाच नव्हता. म्हणून अडचण आली तेव्हा हात दुसऱ्या डब्यात गेला.

तीन वेगळी बँक खाती हवीतच असं नाही, पण वहीत तीन वेगळे रकाने हवेतच. आणि दर महिन्याला समितीला तिन्ही आकडे वेगवेगळे दिसले पाहिजेत.

पंडिता रमाबाईंची गोष्ट

या विषयावर वाचताना मला सारख्या पंडिता रमाबाई आठवत राहिल्या. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना समाजसुधारक म्हणून वाचतो. पण संस्थेचा पैसा, दूरचे देणगीदार आणि सल्लागार समिती यांचं त्रांगडं त्यांच्याइतकं जवळून फार थोड्या मराठी माणसांनी पाहिलं असेल.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे गावोगावी भाषणं देत फिरल्या. उच्चवर्णीय विधवा मुलींसाठी शाळा काढायची होती. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झालं. त्याला अध्यक्ष होता, कार्यकारी समिती होती, नियम होते. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' नावाचे गट निघाले, आणि त्यातले सामान्य लोक वर्षाला थोडी थोडी वर्गणी देत. शाळेला दहा वर्षं आधार द्यायचा, असं ठरलं होतं.

यात अर्थसमितीवरच्या माणसाने टिपून ठेवावं असं काय आहे? तर मुदत. "जमेल तोवर देऊ" असं मोघम आश्वासन नव्हतं. दहा वर्षं. म्हणजे रमाबाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की अकराव्या वर्षाची सोय आपल्यालाच बघायची आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालेल्या बाया कर्वे. शाळेला इथली सल्लागार समितीही होती, आणि त्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. याहून चांगली समिती कुणाला मिळणार?

तरीही १८९३ मध्ये ही मंडळी समितीतून बाहेर पडली.

भांडण पैशाच्या अफरातफरीचं नव्हतं. शाळेत कुठल्याही धर्माची शिकवण द्यायची नाही, अशी अट होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करत, तेव्हा त्यांच्या खोलीचं दार उघडं असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. रमाबाईंच्या मते त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं आणि कुणाला अडवलंही नव्हतं. सल्लागारांच्या मते यामुळे अटीचा आत्माच मोडत होता. पालक घाबरले आणि बऱ्याच मुलींना घरी नेलं गेलं. बोस्टनच्या समितीच्या प्रमुख जुडिथ अँड्र्यूज स्वतः भारतात आल्या, त्यांनी शाळा पाहिली, आणि अमेरिकेतला आधार चालू राहिला.

कोण बरोबर होतं यावर आजही वाद घालता येईल. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं होती. पण समिती चालवणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी. अट एका ओळीत लिहिलेली होती, पण तिचा अर्थ दोन बाजूंनी दोन तऱ्हेने घेतला. देणगी घेताना "यात काय बसतं आणि काय बसत नाही" हे आधी बोलून, लिहून ठेवलं नाही, तर तो वाद पुढे सर्वात अवघड वेळी उभा राहतो.

आणि अकराव्या वर्षाचं काय झालं? १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. जुन्या संस्थेची दहा वर्षं संपली होती. तिच्या जागी नवी संस्था उभी राहिली. तोवर पुण्याजवळ केडगावला जमीन घेऊन झाली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. आपलं छत्तीसगडही तेव्हा मध्य प्रांतातच होतं. त्यातून मुक्ती मिशन वाढलं. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. म्हणजे दानाच्या जोडीला हाताला काम आणि स्वतःचं थोडंफार उत्पन्न. बाहेरून येणाऱ्या एकाच ओघावर सगळं सोडायचं नाही, हा धडा त्यांनी कृतीत आणला. केडगावचं काम आजही चालू आहे.

समिती कशी असावी?

आता आपल्या आजच्या समितीकडे येऊ. पहिली गोष्ट, खजिनदार आणि अर्थसमिती ही एकच गोष्ट नाही. खजिनदार पैसे सांभाळतो आणि नोंदी ठेवतो. अर्थसमिती त्या नोंदी बघते, प्रश्न विचारते, अंदाजपत्रक तयार करते आणि विश्वस्त मंडळाला सल्ला देते. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतील तर तपासणार कोण?

पाच ते सात माणसं पुरतात. एकाला तरी हिशोब नीट कळायला हवा. आणि एक तरी माणूस असा हवा ज्याला हिशोब फारसा कळत नाही! हसू नका. "म्हणजे काय?" हा प्रश्न तोच विचारतो, आणि तो विचारला की बाकीच्यांनाही उत्तर मिळतं.

नातेवाईक टाळा. कॅथलिक चर्चने तर हे नियमातच घातलंय. १९८३ च्या चर्च कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांताला अर्थसमिती असावीच लागते. तिच्यात निदान तीन सभासद हवेत, त्यांना आर्थिक व्यवहार आणि कायदा यांची खरी जाण हवी, नेमणूक पाच वर्षांसाठी असते, आणि बिशपच्या जवळच्या नात्यातल्या माणसांना तिच्यावर घेता येत नाही. प्रत्येक पॅरिशलाही अर्थसमिती हवीच. वसई असो की रायपूर, नियम एकच. लहान स्वतंत्र मंडळीला कुणी सक्ती करणार नाही, पण चांगला नियम उचलायला कुणाची परवानगी लागते?

बायबलमध्येही याची मुळं सापडतात. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली मदत पोहोचवायची होती तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. पौलावर लोकांचा विश्वास नव्हता म्हणून नाही. विश्वास टिकावा म्हणून.

बैठक कशी चालवायची?

काकूंनी पहिल्या दोन महिन्यांत ज्या सवयी लावल्या, त्या मी जवळून पाहिल्या. त्या अशा.

कागद आधी पाठवा. बैठकीच्या आठवडाभर आधी एक पानाचा अहवाल प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. वीस पानांची फाईल कुणी उघडत नाही. एका पानावर चार रकाने: ठरलं किती होतं, झालं किती, फरक किती, कारण काय. खाली तीन डब्यांची शिल्लक.

अवघड विषय आधी घ्या. चहा-बिस्किटं, झेंडूच्या माळा आणि खुर्च्यांचं भाडं यावर तासभर जातो, आणि मग शेवटच्या पाच मिनिटांत लाखाचा खर्च मंजूर होतो. हे तुम्हीही पाहिलं असेल.

गप्प बसलेल्याला विचारा. काकू प्रत्येक विषयानंतर ज्याने तोंड उघडलं नाही त्याच्याकडे वळतात, "तुम्हाला काय वाटतं?" अध्यक्षाने आपलं मत शेवटी सांगावं. आधी सांगितलं तर बाकीचे मान डोलावतात आणि बैठक तिथेच संपते.

कुणाचा स्वतःचा संबंध असेल तर त्याने बाहेर बसावं. सभासदाच्या भावाच्या दुकानातून सिमेंट घ्यायचं असेल तर त्या विषयापुरतं तो सभासद मत देणार नाही, आणि इतिवृत्तात तसं लिहायचं.

इतिवृत्त आठवड्याच्या आत. काय ठरलं, कोण करणार, केव्हापर्यंत. महिनाभराने लिहिलेलं इतिवृत्त आठवणीने भरलेलं असतं.

दानपेटीपासून क्यूआर कोडपर्यंत

दानार्पण मोजताना नात्यात नसलेली दोन माणसं हवीत. त्याच दिवशी, त्याच जागी मोजायचं. चिठ्ठीवर रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी बँक उघडली की भरणा. मधल्या मधे त्यातून "जरा पेट्रोलला" काढायचं नाही. खर्चासाठी पैसे हवे असतील तर ते बँकेतून, व्हाउचरवर.

चेकवर दोन सह्या. आणि कोऱ्या चेकवर आधी सही करून ठेवायची नाही, कितीही घाई असली तरी.

आता तर बरंचसं दान फोनवरून येतं. म्हणून पुढच्या वेळी क्यूआर कोड स्कॅन कराल तेव्हा स्क्रीनवर कुणाचं नाव येतं ते बघा. संस्थेचं नाव आलं पाहिजे. खजिनदाराचं, पाळकसाहेबांचं किंवा त्यांच्या मुलाचं नाव आलं, तर माणूस कितीही चांगला असो, ती व्यवस्था चुकीची आहे. उद्या तो आजारी पडला, नंबर बंद झाला, घरात वाटणीचा वाद निघाला, तर संस्थेचा पैसा कोणता हे कोण सिद्ध करणार?

कायद्याचं थोडंसं

घाबरू नका, चारच गोष्टी सांगते. बाकीचं सीएंना विचारा.

एक, आयकरातली ८०जी नावाने ओळखली जाणारी सवलत. ती जुन्या करपद्धतीने कर भरणाऱ्या देणगीदाराला मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर ही सवलत मिळत नाही. आणि जी संस्था फक्त एकाच धर्माच्या समाजासाठी चालते, तिला ही मान्यता मिळत नाही. म्हणून चर्चची उपासना आणि सर्वांसाठी खुलं असलेलं समाजकार्य यांचे हिशोब आणि पावत्या एकमेकांत मिसळू नका.

दोन, नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेने साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग आपल्या उद्देशांवर खर्च करायचा असतो. मोठ्या कामासाठी जास्त साठवायचं असेल तर ते कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने आधी कळवावं लागतं.

तीन, परदेशी देणगी. त्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या परदेशी नागरिक असलेल्या मित्राने "पाठवतो तुमच्या खात्यावर" म्हटलं, तर नोंदणी नसताना हो म्हणू नका.

चार, वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल कपाटात ठेवण्यासाठी नसतो. अर्थसमितीने लेखापरीक्षकाला वर्षातून एकदा समोर बसवून एकच प्रश्न विचारावा, "तुम्हाला आमच्या कामात कशाची काळजी वाटते?"

ती बैठक

आता काकूंच्या छपराकडे परत येऊ. जुलैतली बैठक. आदल्या रात्री काकूंना झोप नव्हती. खजिनदार त्यांच्या यजमानांचे जुने मित्र. यजमान गेले तेव्हा हॉस्पिटलचं बिल भरायला हेच धावले होते. "त्यांच्यावर बोट ठेवू कसं?" असं मला दोनदा म्हणाल्या.

मी काय सांगणार? मी म्हटलं, "काकू, बोट ठेवू नका, पासबुक ठेवा."

त्यांनी त्याहून शहाणपणाचं काम केलं. बैठकीच्या दोन दिवस आधी त्या स्वतः खजिनदारांच्या घरी गेल्या. सगळ्यांसमोर पहिल्यांदा कानावर पडू नये म्हणून. टेबलावर कागद ठेवला आणि विचारलं, "भाऊ, हे मला समजावून सांगा." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सिस्टर, स्वयंपाकीणबाईच्या घरी चूल पेटली पाहिजे होती. पुढच्या महिन्यात भरू, पुढच्या महिन्यात भरू, असं करत राहिलो. तुम्ही विचारलंत, बरं झालं. मला रात्री झोप लागत नव्हती."

म्हणजे त्या दोन घरांत दोन माणसं एकाच आकड्यामुळे जागी होती.

बैठकीत सगळं मांडलं गेलं. आवाज चढले. एकाने राजीनामा मागितला, दुसऱ्याने "घरातली गोष्ट घरात ठेवा" म्हटलं. काकूंनी दोन्ही ऐकून घेतलं आणि तीन ठराव मांडले. उरलेले ६२ हजार आजपासून फक्त छपराचे. कमी पडलेले १ लाख १८ हजार सर्वसाधारण डब्यातून परत भरायचे, अकरा महिने दहा-दहा हजार आणि बाराव्या महिन्यात आठ. आणि देणगी देणाऱ्या प्रत्येकाला खरं सांगायचं.

तिसऱ्या ठरावावर सर्वात जास्त वाद झाला. पण तो मंजूर झाला, आणि फोन काकूंनी स्वतः केले. एका घराने चिडून "यापुढे एक रुपया देणार नाही" असं सुनावलं. ज्या कुटुंबाने आईच्या आठवणीत दिले होते, तिथल्या मुलाने मात्र सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मुली आता कुठे झोपतात?"

मुली ताडपत्रीखाली झोपल्या. हा पावसाळा त्यांनी तसाच काढला. ही गोष्ट गोड करून सांगण्यासारखी नाही. हिशोब वेळेवर विचारला गेला असता तर जुलैच्या सरींत त्यांना गाद्या भिंतीकडे सरकवाव्या लागल्या नसत्या. समितीच्या गप्प बसण्याची किंमत समितीने भरली नाही, ती त्या मुलींनी भरली.

ऑगस्टपासून आतापर्यंत पाच हप्ते भरले गेलेत. ६२ आणि ५० मिळून छपराच्या डब्यात १ लाख १२ हजार आहेत. त्यासाठी यंदा नाताळचा मंडप नाही, चर्चच्या अंगणातच पंगत बसणार आहे. सगळी रक्कम पुढच्या जुलैत पूर्ण होईल. पण पावसाची वाट न बघता एप्रिलमध्ये सर्वात जास्त गळणाऱ्या खोलीपासून काम सुरू करायचं ठरलंय. खजिनदार तेच आहेत. फक्त आता चेकवर दुसरी सही लागते, आणि महिन्याचा एक पानी हिशोब चर्चच्या दाराजवळच्या फळ्यावर लागतो. पहिल्या महिन्यात तो कुणी वाचला नाही. गेल्या रविवारी एक शाळकरी मुलगा बोट फिरवत बेरीज करताना काकूंना दिसला. "बरोबर आली का रे?" त्यांनी विचारलं. "आली," तो म्हणाला.

तुम्ही या आठवड्यात काय करू शकता?

तुम्ही समितीवर असाल तर तीन डब्यांची शिल्लक एका कागदावर लिहून बघा, आणि ती वर सांगितलेली परीक्षा घ्या.

तुम्ही खजिनदार असाल तर दुसरी सही स्वतःहून मागून घ्या. ती सही तुमचंच रक्षण करते. उद्या कुणी शंका घेतली तर तुम्ही एकटे नसाल.

तुम्ही फक्त दान देणारे असाल तर पावती मागा, ठरावीक कामासाठी देत असाल तर तसं पावतीवर लिहून घ्या, आणि वर्षातून एकदा प्रेमाने विचारा, "ते काम कुठवर आलं?"

आणि घरात कुणी म्हटलं, "आपलीच माणसं आहेत, हिशोब काय विचारायचा?" तर सांगा, आपलीच माणसं आहेत, म्हणूनच विचारायचा. काकूंच्या खजिनदारांना कुणी वेळेवर विचारलं असतं, तर ते इतक्या रात्री जागे राहिले नसते.

तुमच्या मंडळात, सोसायटीत किंवा चर्चमध्ये हिशोबाची एखादी चांगली सवय असेल तर आम्हाला नक्की कळवा. आणि हा लेख घरातल्या समितीवाल्यांना जरूर पाठवा.